काळं बॉनेट, बिनचकाकीचं

कराडहून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं, की कराड कुठं संपलं आणि मलकापूर कुठं लागलं हे पाहुण्याला कळत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग गावाच्या अंगावरून जातो. अशा महामार्गावरच्या गावात डेंटिंग-पेंटिंगवाल्याला काम कमी नसतं. पोचा काढायचा, लांबी भरायची, घासायचं, रंग मारायचा आणि पॉलिश करून गाडी चकचकीत परत द्यायची. पण जुनी कॉन्टेसा घेऊन आलेला मालक जेव्हा म्हणतो, ‘बॉनेट तेवढं मॅट ब्लॅक करा,’ तेव्हा हा सगळा हिशेब उलटा होतो. इथं चमक आणायची नाही, ती येऊ द्यायची नाही.

कॉन्टेसाच का? अमेरिकेत मसल कार म्हणजे मोठं व्ही-एट इंजिन. तसं आपल्याकडं फारसं काही नव्हतं. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ साली आणलेली कॉन्टेसा मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची गाडी. सुरुवातीला तिच्यात अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, आणि एवढ्या जड गाडीला ते अपुरं पडायचं. पुढं इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल इंजिन आलं तेव्हा गाडीत खरा जीव आला. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. पण लांब सपाट बॉनेट, मागच्या चाकांना मिळणारी ओढ आणि रुंद बांधा यांमुळं आजही ‘आपली मसल कार’ म्हटलं की लोक हिचंच नाव घेतात. या बॉनेटला काळा मॅट रंग शोभतो, यात शंका नाही.

या रंगामागं नुसती हौस नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या नाकाडाचा वरचा भाग बिनचकाकीच्या रंगानं रंगवत, म्हणजे पत्र्यावरून परतलेलं ऊन वैमानिकाच्या डोळ्यांत जात नसे. रॅलीच्या चालकांनी तीच युक्ती बॉनेटवर केली. मग डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी तिची शान केली: फोर्डची १९६९ ची मस्टँग मॅक वन आणि प्लिमथची १९७० ची एएआर कुडा या गाड्या कारखान्यातूनच काळं मॅट बॉनेट घेऊन बाहेर पडल्या. आपल्याला हे तत्त्व पहिलीपासून ओळखीचं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला फळा चकाकत असता, तर खिडकीकडच्या बाकावरच्या पोरांना त्यावरचं एक अक्षर दिसलं नसतं.

चकाकी जाते ती अशी. मॅट रंगात किंवा त्यावर मारायच्या पारदर्शक मॅट क्लियरमध्ये सिलिकाची अतिबारीक भुकटी असते. थिनर उडून थर आकसला, की हे कण पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा खडबडीतपणा आणतात, आणि प्रकाश आरशासारखा एका दिशेनं न परतता चहूकडं विखुरतो. ही भुकटी डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट ढवळला नाही, तर अर्धं बॉनेट एका छटेचं आणि अर्धं दुसऱ्या छटेचं होतं.

म्हणूनच पेंटरनं पहिल्यांदा विचारायला हवं, ‘मॅट म्हणजे नेमका कुठला?’ चकाकी मोजायच्या यंत्रावर काळी गुळगुळीत काच शंभर मानली, तर पुरा मॅट ढोबळमानानं दहाच्या खाली येतो आणि सॅटिन वीस-तीसच्या आसपास. शेडमध्ये यंत्र नसतं, पण ट्यूबलाइट असते. नमुन्याच्या पत्र्यात ट्यूबची रेघ स्वच्छ दिसली तर तो ग्लॉस, रेघ धुरकट पसरली तर सॅटिन, आणि काहीच दिसलं नाही तर पुरा मॅट. कॉन्टेसाला सॅटिनच घ्यावा. पुरा मॅट काही दिवसांत प्रायमर मारून सोडलेल्या पत्र्यासारखा दिसू लागतो आणि प्रत्येक तेलकट बोट धरून ठेवतो. सॅटिनमध्ये बॉनेटच्या कडा जिवंत राहतात. नमुना मात्र वेगळ्या पत्र्यावर, त्याच गननं मारून, उन्हात नेऊन पाहावा.

खरी परीक्षा गन हातात घेतल्यावर सुरू होते. ग्लॉसमध्ये कचरा बसला, ओघळ आला, तर वॉटर पेपर आणि कंपाउंडनं तो काढता येतो. मॅटला ही सोय नाही; घासलं की तेवढा भाग चमकतो. चूक झाली की अख्खं बॉनेट पुन्हा. थर ओला पडला तर चकाकी वाढते, कोरडा पडला तर पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यामुळं बॉनेट उतरवून आडवं ठेवायचं, हात एका लयीत चालवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा आणि मध्ये थांबायचं नाही. हवाही बघावी लागते. पावसाळ्यातल्या दमट हवेत एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढरी झाक येते, आणि उघड्या शेडमध्ये महामार्गाची धूळ आहेच. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यात बरी. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाही. योग्य मास्कशिवाय पेंटरला गन हातात घ्यायला लावणं हा त्याच्या फुफ्फुसांवर अन्याय आहे.

आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, तेव्हा बॉनेट काळं करण्याआधी एमएच-५० च्या, म्हणजे कराडच्या आरटीओ कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

नंतरची निगाही वेगळी. मेण नाही, पॉलिश नाही, आणि गाडी चमकावी म्हणून फडक्यावर घेतलेला डिझेलचा हात तर मुळीच नाही. पाणी, सौम्य शांपू, मऊ कापड, एवढंच. दसऱ्याला मात्र जपावं लागतं. सगळं घर गाडीभोवती जमलेलं असतं, आजी ओल्या हळदी-कुंकवाची बोटं घेऊन बॉनेटकडंच येते, कारण स्वस्तिक काढायला तेवढी मोठी जागा दुसरीकडं नाही. हळदीचा डाग मॅटवर धरतो आणि घासून काढायला गेलं की तिथं चमकदार चट्टा उठतो. तिचा हात हळूच काचेकडं वळवावा. स्वस्तिक काचेवर, झेंडूचा हार पुढच्या जाळीला, लिंबं चाकांखाली. आणि नारळ फोडायचा तो बॉनेटपासून दोन पावलं लांब.