जपानी माहजोंगचा हिशोब

म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी गंजिफाचे अनेक नवे संच योजिले. त्यांपैकी सर्वांत मोठा ३६० पानांचा होता. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पाने असतात, आणि शेवटी प्रत्येकाने जिंकलेली पाने मोजली की निकाल लागतो. चीनमधून जपानात गेलेल्या माहजोंगात मात्र साध्या मोजणीने भागत नाही. तेथे गुण दुपटीने वाढतात, आणि नवशिका नेमका तेथेच अडतो.

माहजोंगात १३६ सोंगट्या असतात: ३४ प्रकार, प्रत्येकाच्या चार. चार तिकड्या व एक जोडी जुळली की डाव पुरा होतो. तिकडी सारख्या सोंगट्यांची असते किंवा चार-पाच-सहा अशी क्रमाची. पुऱ्या डावाचे मोल दोन मापांनी ठरते. ‘फू’ हे किरकोळ गुण. त्यांची बेरीज करून ती पुढच्या दहापर्यंत वाढवितात. ‘हान’ म्हणजे दुप्पट. फूंची चौपट करून, जितके हान तितक्या वेळा ती दुप्पट केली की मूळ गुण मिळतात. ज्याने टाकलेल्या सोंगटीवर डाव पुरा झाला, तो मूळ गुणांच्या चौपट देतो (विजेता पूर्वेस बसलेला असल्यास सहापट), आणि हे देणे पुढच्या शंभरापर्यंत वाढते.

समजा, डाव झाकलेला आहे, ‘रीची’ पुकारली आहे आणि सर्व सोंगट्या दोन ते आठ अंकांच्या आहेत. दोन्ही गोष्टींचा एकेक, असे दोन हान झाले. एक तिकडी हातातच जुळलेल्या तीन पंजांची आहे, बाकीच्या क्रमाच्या. जिंकल्याचे २० फू, झाकलेल्या डावाचे १०, पंजांचे ४. एकूण ३४, म्हणजे ४०. चाळिसाची चौपट १६०, ती दोनदा दुप्पट केली की ६४०. त्याची चौपट २५६०, देणे २६००.

आता पंजांच्या जागीही क्रमाची तिकडी धरावी. शेवटची सोंगटी क्रमाच्या दोहोंपैकी कोणत्याही टोकास लागणारी असेल, तर ‘पिन्फू’चा तिसरा हान मिळतो. फू ३० वर उतरतात, तरी मूळ गुण ९६० व देणे ३९०० होते. पंजांची तिकडी दिसण्यास भारदस्त. मोल तिचे थोडे.

दुपटीलाही मर्यादा आहे. ३० फूंच्या डावाचे देणे एक हानास १०००, मग २०००, ३९००, ७७०० असे चढते. पाचव्या हानास ते १५,००० च्या पुढे न जाता ८००० वर थांबते. या पायरीस ‘मांगान’ म्हणतात. अवघ्या ३०० गुणांसाठी पाचव्या हानामागे धावणे सहसा शहाणपणाचे नसते.

हा हिशोब डाव पुरा होण्यापूर्वीच मनात तयार असावा लागतो. शेवटच्या डावात एखादा खेळाडू ३००० गुणांनी मागे आहे. तिसऱ्याच कोणी टाकलेल्या सोंगटीवर त्याने २६०० चा डाव पुरा केला, तर डाव जिंकूनही तो ४०० ने मागेच राहतो. ३९०० चा असता, तर तो ९०० ने पुढे गेला असता. तीच सोंगटी आघाडीच्या खेळाडूने टाकली, तर २६०० गुण याच्याकडे येतात व त्याच्याकडून जातात. अंतर ५२०० ने पालटते, आणि तो लहान डावही पुरतो.