कर्मचारी प्रोत्साहन योजनांची रचना : मोजमाप आणि वर्तन यांचा संबंध

प्रस्तावना :
कर्मचाऱ्यास अधिक व चांगले काम करण्यास प्रवृत्त करणे हे व्यवस्थापनाचे जुने उद्दिष्ट आहे. त्यासाठी मूळ वेतनाव्यतिरिक्त जो लाभ कामगिरीशी जोडून दिला जातो, त्यास प्रोत्साहन असे म्हणतात. अशा योजनांची चर्चा बहुधा ‘किती द्यावे’ या प्रश्नाभोवती होते. वस्तुतः ‘कशासाठी द्यावे’ हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. कारण योजनेत जे मोजले जाते त्याकडेच कर्मचाऱ्याचे लक्ष वळते आणि जे मोजले जात नाही ते मागे पडते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही योजनांचा विचार केला आहे.

बोनस व प्रोत्साहन यांतील भेद :
व्यवहारात हे दोन शब्द समानार्थी वापरले जातात. परंतु बोनस प्रदान अधिनियम, १९६५ नुसार पात्र कर्मचाऱ्यास किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के बोनस देय होता आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही ही टक्केवारी कायम ठेवण्यात आली. किमान बोनस आस्थापनेस वाटपयोग्य अधिशेष असो वा नसो, द्यावाच लागतो. तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, वैयक्तिक कामगिरीचे पारितोषिक नव्हे. त्यामुळे केवळ बोनस देऊन कामाची प्रेरणा वाढेल ही अपेक्षा रास्त ठरत नाही.

योजनेचे मूळ तत्त्व :
अमेरिकन अभियंता एफ. ए. हॅल्से यांनी १८९१ मध्ये मांडलेली योजना याचे सोपे उदाहरण होय. समजा, एका कामाची प्रमाणित वेळ १० तास व वेतनदर ताशी ६० रुपये आहे. कामगाराने ते ८ तासांत पूर्ण केल्यास त्यास ४८० रुपये वेतन आणि वाचविलेल्या २ तासांच्या वेतनाचा निम्मा भाग, म्हणजे ६० रुपये, असे एकूण ५४० रुपये मिळतात. कामगाराची ताशी प्राप्ती ६७.५० रुपये होते, तर मालकाचा त्या कामावरील खर्च ६०० रुपयांवरून ५४० रुपयांवर येतो. लाभाची अशी वाटणी दोन्ही पक्षांस मान्य होण्याजोगी असते.

यशस्वी योजना :
मोटारींच्या काचा बसविणाऱ्या सेफलाइट या अमेरिकन कंपनीने १९९४-९५ मध्ये तासावारी वेतनाऐवजी किमान वेतनाच्या हमीसह नगावर वेतन देण्यास प्रारंभ केला. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लाझिअर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील प्रतिकामगार उत्पादकता सुमारे ४४ टक्क्यांनी वाढली. यातील जवळजवळ निम्मी वाढ त्याच कामगारांच्या वाढलेल्या प्रयत्नांमुळे होती. उर्वरित वाढीत अधिक कार्यक्षम कामगार कंपनीकडे येणे व टिकणे यांचा वाटा मोठा होता. येथे काम मोजता येण्याजोगे होते आणि दोष कोणाच्या हातून झाला हेही कळत होते. सदोष काच पुन्हा बसविण्याचे काम त्याच कामगारास स्वतःच्या वेळेत करावे लागे. त्यामुळे संख्येच्या मागे लागून गुणवत्ता ढासळली नाही.

फसलेली योजना :
वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेत शाखांतील कर्मचाऱ्यांवर प्रतिग्राहक अधिकाधिक खाती व सेवा विकण्याची उद्दिष्टे लादली गेली. परिणामी ग्राहकांच्या संमतीविना खाती उघडण्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेस १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. या गैरप्रकारांबद्दल सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले होते. बँकेस ग्राहकाचा विश्वास हवा होता, मोजली गेली ती खात्यांची संख्या.

उच्च शिक्षणातील अनुभव :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीस शैक्षणिक कामगिरी निर्देशांकांचे गुण जोडले. संशोधनाला चालना हा हेतू होता. गुण मात्र प्रकाशनांच्या संख्येने वाढत. दर्जाहीन नियतकालिकांना त्यामुळे बाजारपेठ मिळाली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. वर्गातील अध्यापन आणि विद्यार्थ्यास दिलेला वेळ गुणांत बसविणे कठीण असल्याने तेच दुय्यम ठरण्याचा धोका असतो.

रचनेची तत्त्वे :
१. मोजमाप कर्मचाऱ्याच्या नियंत्रणातील कामाचेच असावे.
२. संख्येबरोबर गुणवत्तेची अट त्याच योजनेत असावी.
३. प्रमाण कार्य-अभ्यासाने ठरवावे. कामगाराने ते ओलांडताच दर घटविल्यास पुढे सर्वजण हात राखून काम करतात.
४. किमान वेतनाची हमी असावी. जोखीम सर्वस्वी कर्मचाऱ्यावर टाकू नये.
५. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामात सांघिक प्रोत्साहन द्यावे.
६. गणना कर्मचाऱ्यास स्वतः करता येईल इतकी सोपी असावी व रक्कम वेळेवर मिळावी.
७. योजना प्रथम एका विभागात राबवून तिचे अनपेक्षित परिणाम तपासावेत.

समारोप :
प्रोत्साहन योजना निष्प्रभ ठरते यापेक्षा ती चुकीच्या दिशेने प्रभावी ठरते, हा धोका मोठा आहे. जेथे कामाचा महत्त्वाचा भाग मोजता येत नाही, तेथे मोजता येणाऱ्या भागावर भारी लाभ ठेवण्याऐवजी पुरेसे स्थिर वेतन, सहकाऱ्यांचे परीक्षण व कामाची योग्य दखल यांवर भर देणे श्रेयस्कर ठरते. योजना आखणाऱ्याने लाभाची रक्कम ठरविण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : केवळ हे मोजमाप वाढविण्यासाठीच कर्मचारी झटला, तर संस्थेस हवे ते मिळेल काय? उत्तर नकारार्थी असल्यास दोष कर्मचाऱ्यात नसून योजनेत आहे, असे समजावे.