मुलांचा पैसा व शाळेचा पट्टा

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपानें किल्लारी व लातूर-उस्मानाबाद (हल्लींचा धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गांवें उद्ध्वस्त झालीं, हें सर्वश्रुत आहे. शाळेसाठीं दिवाळीच्या फटाक्यांचे पैसे आणून देतांना एका मुलानें आम्हांस विचारिलें, "ही शाळा पुन्हां पडणार नाहीं ना?" त्याचें उत्तर देणें आम्हांस पावती देण्याइतकेंच अगत्याचें वाटलें.

तेथील जाड भिंतींचे आंतले व बाहेरचे थर नुसत्या मातीनें जोडलेले. त्यांस सांधणारे आरपार दगड विरळा. वर माळवदाचें ओझें. हादऱ्यासरशीं थर विलग झाले व छप्पर निजलेल्यांवर आलें. यास्तव दारांखिडक्यांवरून चहूंकडे फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा सलग पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया व हलकें छप्पर अवश्य असतें.

हा पट्टा गिलाव्याआड लपतो. त्यावर देणगीदाराच्या नांवाची पाटी बसत नाहीं, म्हणून मोठ्या देणग्या बहुधा कमानीकडेच वळतात! मुलांचा पैसा आम्हीं पट्ट्यासच लाविला. दगडमातीच्या जुन्या शाळांसाठीं हें खातें उघडें आहे. पावती घेतल्यावांचून मात्र कोणीं पैसे देऊं नयेत.