कोठडीचे दार आणि पोटकलमाची मेख

नवी दिल्ली : नव्या फौजदारी कायद्यांवर लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी शिक्कामोर्तब केले, तेव्हा विरोधी बाके बहुतांशी रिकामी होती. त्या अधिवेशनातील निलंबित सदस्यांची संख्या १४६ वर पोहोचली होती. सभागृहात न झालेली चिकित्सा आता न्यायालयांत होत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४७९ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावे, ही तरतूद जुन्या संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आली होती. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीसाठी नव्या संहितेने ही मर्यादा एकतृतीयांशावर आणली. राहत्या घरातील चोरीला कमाल सात वर्षांची शिक्षा आहे. तेथे साडेतीन वर्षांऐवजी दोन वर्षे चार महिन्यांनी सुटकेचा मार्ग खुला होतो. फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्हे यातून वगळले आहेत.

परप्रांतात पोट भरणाऱ्यांच्या दृष्टीने दुसरा बदल अधिक मोलाचा आहे. जामीन मंजूर होऊनही स्थानिक जामीनदाराअभावी तुरुंगातच राहावे लागते, हा त्यांचा जुना अनुभव. अशा आरोपीला जामीनदाराविना, केवळ जातमुचलक्यावर सोडावे, असे हे कलम सांगते. जामीनदार मागायचाच तर न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. मुदत भरताच लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर आहे. जुन्या खटल्यांतील कच्च्या कैद्यांनाही हा लाभ मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले.

मात्र खरी मेख पोटकलम दोनमध्ये आहे. एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटला प्रलंबित असल्यास ही सुटका नाही. एकाच फिर्यादीत चोरी आणि घरात बेकायदा शिरणे अशी दोन कलमे लागणे हा पोलिस ठाण्यातला नित्याचा प्रकार. पोटकलम शब्दशः वाचल्यास त्या आरोपीचा हातातोंडाशी आलेला घास जातो. जुन्या संहितेत असा अडसर नव्हता.

तेव्हा आरोपीने एकाच कलमावर विसंबून चालणार नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० वा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल न झाल्यास जामिनाचा हक्क निर्माण होतो. परंतु आरोपपत्र येण्यापूर्वी अर्ज केला नाही, तर तो हातचा जातो. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. दिल्लीत पकडलेल्या मराठी मजुराने हा कागद मागून घ्यावा. वकिलाचा पहिला युक्तिवाद तेथूनच सुरू होतो.

न्यायालये पोटकलमाचा अर्थ उदारपणे लावू शकतील. पण ते प्रत्येक आरोपीच्या नशिबावर सोडणे योग्य नव्हे. ही मेख संसदेने ठोकली आहे, ती संसदेनेच उपटावी.