रात्रपाळीची औषधखिडकी

आपल्या केज भागात रात्रीची लाईट आली की पिकाला पाणी द्यायला जावं लागतं. अंधारात साप चावला तर?

मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर-सिस्टरांसोबत रात्रपाळीचा फार्मासिस्टही जागा असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावरचं इंजेक्शन तो तारीख बघून, थंड जागी सांभाळतो आणि लागलं की लगेच काढून देतो. पण आपण वेळेत पोचलो तरच त्याचा उपयोग.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय: मांत्रिक नको, चिरणं नको, आवळून बांधणं नको. चावलेला हात-पाय न हलवता १०८ ला फोन करायचा. गाडी फुकट येते. बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची.

१०८ दारामागं लिहून ठेवा, पोरांनाही सांगा.