विश्लेषण : लग्नाची कॅसेट वाचवायला एफएफएमपेग 'सोर्स'पासून बिल्ड का करावे लागते?

व्हीसीआरची केबल, जुना कनेक्टर किंवा व्हिडीओ कॅप्चर कार्ड शोधायचे, तर पुणेकराची पावले बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात. घरातल्या लग्नाची किंवा मुंजीची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवायची असते. केबल मिळते, कार्डही मिळते. मात्र घरी आल्यावर संगणकातले मोफत सॉफ्टवेअर ते कार्ड ओळखतच नाही. इंटरनेटवर शोधले की एका ओळीचा सल्ला मिळतो, 'एफएफएमपेग सोर्समधून बिल्ड करा'. याचा अर्थ काय आणि हा खटाटोप नेमका कोणी करावा?

घाई कशासाठी?

व्हीएचएस ही चुंबकीय फीत आहे. दमट हवेत तिला बुरशी लागते आणि वर्षांगणिक चित्र फिके पडत जाते. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. आता आहेत ती यंत्रे दुरुस्त करूनच वापरायची. खराब झालेली कॅसेट कदाचित एकदाच नीट चालेल, त्यामुळे त्या एका वेळी रेकॉर्डिंग नीट झाले पाहिजे.

एफएफएमपेग काय आहे?

फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. व्हिडीओ आणि आवाज वाचणे, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे, कापणे, जोडणे, रेकॉर्ड करणे ही कामे ते करते. त्याला बटणांचा पडदा नाही. आज्ञा टाइप करावी लागते. तरीही आपण ते नकळत वापरत असतो, कारण व्हीएलसी प्लेअर आणि क्रोम ब्राउझरच्या आत त्याचेच भाग आहेत.

तयार प्रत का पुरत नाही?

बहुतेकांना पुरते. यूएसबीला लावायचे साधे कॅप्चर उपकरण असेल, तर तयार प्रत बसवा आणि कामाला लागा. अडचण येते ती ब्लॅकमॅजिकच्या डेकलिंकसारखे व्यावसायिक कार्ड असल्यास. त्यासाठी कंपनीच्या स्वतःच्या फाइल्स लागतात आणि त्या फाइल्सचा परवाना एफएफएमपेगच्या मुक्त परवान्याशी जुळत नाही. म्हणून उबुंटू किंवा डेबियनच्या तयार प्रतीत हा भाग नसतो. तो हवा असेल तर स्वतः बिल्ड करणे हाच मार्ग.

आपल्या प्रतीत काय आहे हे आधी तपासा. 'एफएफएमपेग', एक जागा आणि 'डॅश व्हर्जन' अशी आज्ञा दिली की ती प्रत कोणते पर्याय घेऊन बनवली, त्याची यादी दिसते. हवा तो पर्याय यादीत असेल, तर पुढचे काहीच करायला नको. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या इंग्रजी लिपीतच टाइप कराव्यात.)

बिल्ड म्हणजे नेमके काय?

पॅकेटचे पीठ आणि गिरणीतून दळून आणलेले पीठ यांत जो फरक, तोच इथे आहे. सोर्स कोड म्हणजे धान्य. कंपायलर ही गिरणी. त्यातून आपल्या संगणकाला चालणारा प्रोग्रॅम तयार होतो. काय मिसळायचे आणि काय गाळायचे, हे आपण ठरवतो.

टप्पे कोणते?

१. आधी साधने बसवा : सी भाषेचा कंपायलर, 'मेक', 'नॅझम' हा असेम्बलर आणि 'पीकेजी-कॉन्फिग'. एच.२६४ प्रकारात व्हिडीओ हवा असेल तर एक्स२६४ लायब्ररीचे 'डेव्ह' पॅकेजही लागते.

२. सोर्स कोड अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. तिथल्या फाइलसोबत डिजिटल सही असते, ती पडताळून पाहा.

३. 'कॉन्फिगर' चालवा. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. एक्स२६४, डेकलिंक यांसारखे बाहेरचे भाग इथे नाव घेऊन 'इनेबल' करावे लागतात. ते विसरले तरी बिल्ड विनातक्रार पूर्ण होते आणि ऐन कामाच्या वेळी 'अननोन एन्कोडर' असा संदेश येतो.

४. 'मेक' चालवा. वेगवान संगणकावर काही मिनिटे लागतात, जुन्या लॅपटॉपवर अर्धा तास किंवा अधिक.

५. 'मेक इन्स्टॉल' करा. मात्र त्याआधी, कॉन्फिगरच्याच वेळी, 'प्रीफिक्स' पर्यायाने स्वतःच्या होम फोल्डरमधली जागा द्या. म्हणजे संगणकात आधीपासून असलेल्या प्रतीशी गल्लत होत नाही.

विंडोजवर हेच काम 'डब्ल्यूएसएल' किंवा 'एमसिस२'मध्ये करता येते. मात्र कॅप्चर कार्ड थेट वापरायचे असेल तर डब्ल्यूएसएल सोयीचे नाही.

हमखास कुठे अडते?

नॅझम सापडला नाही तर कॉन्फिगर थांबते आणि त्याशिवाय पुढे जाण्याचा पर्यायही सुचवते. तो घेऊ नका. तसे बनवलेले एफएफएमपेग खूपच हळू चालते आणि थेट रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम गळू शकतात. 'नॉट फाउंड' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा त्या लायब्ररीचे 'डेव्ह' पॅकेज राहिलेले असते.

परवान्याची मेख काय?

एफएफएमपेग मुळात एलजीपीएल परवान्याखाली मिळते. एक्स२६४ जोडले की सगळी प्रत जीपीएलखाली येते. डेकलिंकसाठी 'इनेबल नॉनफ्री' हा पर्याय द्यावा लागतो आणि मग ती प्रत दुसऱ्या कोणालाही देता येत नाही. कॅसेट उतरवून देणारा दुकानदार ती स्वतःच्या संगणकावर वापरू शकतो. ग्राहकाला दिलेल्या व्हिडीओवर या परवान्याचे बंधन नसते. पण तो प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या दुकानाला दिला, तर परवान्याचा भंग होतो. शेजाऱ्याने आपला स्वतः बिल्ड करावा.

कॅसेट कोणत्या प्रकारात उतरवावी?

भारतातल्या पाल पद्धतीचे चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम असे घेतले जाते. काहीही न दाबता साठवले, तर एका तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. मूळ प्रतीसाठी एफएफव्ही१ हा प्रकार चांगला, कारण तो आकार बराच कमी करतो आणि चित्रातला एकही तपशील गमावत नाही. त्याचे स्वरूप २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून खुले प्रसिद्ध झाले आहे. त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली तरी ही फाइल वाचता येईल. नातेवाइकांना पाठवायला या मूळ प्रतीवरून एच.२६४ची छोटी प्रत काढावी. ती काढताना आडव्या रेषा घालवण्यासाठी 'यॅडिफ' फिल्टर वापरावे.

मग कोणी बिल्ड करावे?

एकदोन कॅसेट आणि यूएसबी उपकरण असेल, तर गरज नाही. व्यावसायिक कार्ड असेल किंवा रोज कॅसेट उतरवण्याचे काम असेल, तर एक दुपार खर्ची घालणे परवडते. फक्त लक्षात ठेवा, स्वतः बिल्ड केलेली प्रत आपोआप अपडेट होत नाही. सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त झाल्या की नवा सोर्स आणून पुन्हा बिल्ड करण्याची जबाबदारी आपलीच. म्हणून कॉन्फिगरची ती लांबलचक ओळ एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा आणि घरातली सर्वांत जुनी कॅसेट लावण्याआधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर सगळी चाचणी घ्या.