पटकीच्या जंतूंची मोजणी आणि जलसंजीवनी

मराठवाड्यात अनेक गावांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असते. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, पूर्वी केवढा धाक बसवला होता त्याची ती खूण. पण पटकी इतिहासजमा झालेली नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातही, दूषित पाण्यातून आलेल्या साथीत माणसे दगावली. मानवतसारख्या गावातही पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात. म्हणून या रोगाची रीत प्रत्येक घराने समजून घ्यावी.

पटकीचा जंतू आतड्याची भिंत पोखरत नाही. घात करते ते त्याने बाहेर सोडलेले विष. हे कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी जाते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. प्रौढाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते.

हे विष केव्हा तयार करायचे, हे जंतू आपली संख्या पाहून ठरवतात. प्रत्येक जंतू एक रासायनिक संकेत सोडत असतो. जंतू थोडे असले की तो विरून जातो, गर्दी झाली की साचतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या बॉनी बासलर यांनी जंतूंच्या या संवादाचा सखोल अभ्यास केला आहे. अनेक रोगजंतू पुरेसे संख्याबळ जमल्यावरच हल्ला करतात. पटकीच्या जंतूचे उलट आहे. थोडे असतानाच ते आतड्याला चिकटून विष सोडतात. गर्दी झाली की विष थांबवतात, पकड सोडतात आणि जुलाबावाटे नव्या माणसाच्या शोधात बाहेर पडतात.

यातून दोन गोष्टी उमजतात. पहिली, जुलाब सुरू होतात तेव्हा विष पेशींत शिरलेले असते. जंतुनाशक औषधाने आजाराचा काळ कमी होतो, पण गेलेले पाणी त्याने भरून येत नाही. सुदैवाने साखरेसोबत मीठ शोषून घेण्याचा आतड्याचा मार्ग हे विष बंद करू शकत नाही. म्हणूनच १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले.

तरीही ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ म्हणून लेकराचे पाणी तोडणारी घरे आजही आहेत. तसे कदापि करू नये. पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध सुरूच ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त झाले किंवा पिईनासे झाले, तर पाजणे चालू ठेवत तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे सलाईन लागते.

दुसरी गोष्ट, रुग्णाच्या जुलाबात जंतूंची फौज असते. तो शौचालयातच टाकावा, हात साबणाने धुवावेत आणि पाणी उकळूनच प्यावे. एका घरातली साथ दुसऱ्या घरी जाण्याची वाट तेथेच अडते.